मोठा एल

डिस्क उघडली. वकीलकाकांना दात मिळाले, दुपारी कोर्टात समोरच्या साक्षीदाराची बोबडी वळली आणि सगळं यथास्थित पार पडलं. पण ही बातमी आत्ता कुणाला द्यायची नाही. ती आली तशी परत पाठवून देऊ, दार लावून घेऊ आणि असलं काही झालंच नाही असं धरून चालू. कारण या घटकेला कॉम्प्युटरचा पडदा काळा आहे, त्यावर एकच पांढरी ओळ आहे, ओळीच्या शेवटी एक चौकोन लुकलुकतोय, आणि त्याच्यासमोर थोरला बाह्या दुमडून बसलाय. थोरला म्हणजे या कवळ्यांच्या लॅबचा मालक. वडिलांना दोनच मुलं, हा आणि धाकटी, त्यामुळे थोरला हे पद त्याला जन्मापासून बिनविरोध मिळालं होतं आणि ते त्याने एकही दिवस रजा न घेता सांभाळलं होतं.

झालं होतं एवढंच, की सकाळी स्विचबोर्ड दुरुस्त करायला आलेल्या वायरमनने कुणाला न विचारता मेन स्विच खाली ओढला. "दोन मिनिटांचं काम आहे साहेब," असं तो म्हणाला, पण ओढल्यावर म्हणाला. खोलीतली घरघर थांबली. खोलीत घरघर असते हेच थोरल्याला तेव्हा समजलं. अशा वेळी यंत्राला धरून ठेवायला बॅटरीचा एक डबा होता खरा, पण तो कधीच मेला होता आणि त्याच्यावर पॉलिशबाई आपला जेवणाचा डबा ठेवत असत. म्हणजे डब्यावर डबा होता, वीज कशातच नव्हती. वायरमनने दोन मिनिटांनी स्विच वर केला, दिवे आले, पंखा आला, आणि जे यंत्र धाकटी लॅब सोडून गेल्यापासून एकदाही बंद पडलं नव्हतं ते पहिल्यांदाच जागं होऊन थोरल्याकडे ओळखीचा लवलेशही नसल्यासारखं बघू लागलं. वायरमन "चला, झालं," म्हणून हसतमुखाने निघून गेला. अशी माणसं सुखी असतात.

थोरल्याला मुळीच काळजी वाटली नाही. ही व्यवस्था त्यानेच केली होती. वडिलांच्या काळात गिऱ्हाइकांचे जबडे प्लास्टरचे असत आणि ते चारी भिंतींवरच्या फळ्यांवर ओळीने हसत बसत. कुणीही आत यावं आणि गावातल्या कुठल्या प्रतिष्ठित माणसाला खालचे दात नाहीत ते बघून जावं. लहानपणी थोरला या फळ्यांखाली बसून अभ्यास करायचा आणि त्याचं गणित चुकलं की सगळे हसतायत असं त्याला वाटायचं. माणसाचा चेहरा सगळ्यांचा असतो, जबडा फक्त त्याचा असतो, हे त्याचं मत तिथेच तयार झालं. म्हणून मापं घेण्याचं काम यंत्रांकडे गेलं, प्लास्टर संपलं आणि सगळे जबडे एका डिस्कमध्ये मावले, तेव्हा त्याने ती डिस्क कुलूपबंद करून टाकली. नुसती कडी नव्हे. आतला प्रत्येक दात असा कालवून टाकला, की डिस्क चोरून नेणाऱ्याला पिठाशिवाय काही मिळू नये. यंत्र सुरू होताना आधी त्याचा एक छोटासा कोपरा जागा होतो. त्या कोपऱ्याला काही म्हणजे काही माहीत नसतं. कामं आठवत नाहीत, गिऱ्हाइकं आठवत नाहीत, मराठी अक्षरं दिसत नाहीत, माउसचा उंदीर हलत नाही. त्याच्याजवळ फक्त एक तक्ता असतो: कुठली डिस्क उघडायची, उघडल्यावर तिला काय नाव द्यायचं, आणि किल्ली कुठे आहे. नावाच्या रकान्यात थोरल्याने 'जबडा' लिहिलं होतं. किल्लीच्या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं, आणि तिथे 'नाही' लिहिलं की यंत्र समोरच्या माणसालाच विचारतं. धाकटी तेव्हा म्हणाली होती, "दादा, किल्ली एका पेनड्राइव्हवर ठेवूया. लावला की उघडेल." थोरला म्हणाला होता, "वस्तू हरवते. शब्द हरवत नाही." जबड्याची नक्कल असलेली दुसरी डिस्कही होती. तिची किल्ली सुरक्षित जागी ठेवली होती, म्हणजे पहिल्या डिस्कच्या आत. ही रचना त्याला इतकी आवडली होती की तो ती पाहुण्यांना समजावून सांगायचा.

त्याने बोटं मोडली आणि शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप केला. सगळं कळलं. हा शब्द त्याचाच, त्यानेच मोठ्या आवाजात सांगितलेला, आणि कसा लिहायचा तेही त्यानेच ठरवलेलं: ळ साठी मोठा एल. यंत्राने जरा वेळ घेतला. हा वेळ ते मुद्दाम घेतं, चोराने भराभर शब्द घालून बघू नयेत म्हणून. मग त्याने थंडपणे कळवलं की या शब्दाने काही उघडत नाही. थोरला हसला. बोट निसटलं असणार. पडद्यावर अक्षरं उमटत नसल्यामुळे आपण काय लिहिलं ते दिसत नाही, आणि दिसत नाही ते बरोबरच असतं, असं त्याला आजवर वाटत आलेलं. त्याने पुन्हा लिहिलं. यंत्राने पुन्हा विचार केला, अगदी पहिल्यासारखाच मन लावून, आणि पुन्हा नाही म्हणालं.

"झालं का सुरू?" आतून पॉलिशबाईंनी विचारलं. दातांना चकाकी देणाऱ्या या बाई वडिलांच्या वेळेपासूनच्या. त्यांचं मशीन सुरू असताना त्यांना काही ऐकू येत नाही असं त्या म्हणत, आणि तरी त्यांना सगळं ऐकू येई.

"होतंय."

"म्हणजे नाही झालं."

"होतंय म्हणजे होतंय, बाई."

"ताईंच्या वेळी 'होतंय' नसायचं. 'झालं' असायचं."

थोरल्याने मान वळवली. दारात वकीलकाका उभे होते. तोंडावर रुमाल, काखेत बॅग, अंगात काळा कोट. वडिलांचे मित्र, कवळीही वडिलांनीच केलेली पहिली, नंतरची थोरल्याने. ती आज सकाळी धुताना बेसिनमध्ये पडली आणि तिचे इतके तुकडे झाले की वकीलकाकांनी ते पाकिटात भरून पुराव्यासारखे आणले होते. "शाडेथीनला उलटथपाशणी आहे," ते म्हणाले. रुमालाआडून शब्द फुसफुसत बाहेर येत होते. "शमोरशा शाक्षीधार पक्का खोटारडा आहे. आणि मी अशा उभा राहिलो थर न्यायाधीश मलाश पाणी धेथील." थोरल्याने त्यांना फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, या काका, माप आहे आपल्याकडे, दुपारच्या आत नवी कवळी थ्रीडी यंत्रावर छापून देतो. छापायला, कडक करायला आणि घासायला मिळून जेमतेम वेळ होता. नवं माप घ्यायचं तर दातांची डॉक्टर हवी, आणि ती परगावी गेलेली. म्हणजे काकांचे दात जगात एकाच ठिकाणी होते, आणि ती जागा थोरल्याला ओळख विचारत होती.

"बसा काका, सुरू होतंय," तो म्हणाला. तीन चुका झाल्या की यंत्र रागावून सगळं सोडून देतं आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तिसरी चूक त्याने ळ साठी दोन एल घालून केली. मग यंत्र बंद केलं, चालू केलं, आणि एकेका ळ साठी लहान एल, एल-एच, आर, डी असं सगळं करून पाहिलं. प्रत्येक वेळी तो आधीइतक्याच खात्रीने एन्टर दाबत होता. थोरल्याचा आत्मविश्वास हा काही अनुभवावर आधारलेला नव्हता, त्यामुळे अनुभवाने तो कमी होण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मधल्या थांब्यात, यंत्र विचार करत असताना, त्याला सकाळचं जागं होणं आठवायचं. रोज सकाळी डोळे उघडतात तेव्हा पहिला काही क्षण त्यालाही काही आठवत नसे. छत दिसे, खिडकीची चौकट दिसे, हा हात कुणाचा ते कळत नसे. मग आत कुठेतरी कुणीतरी एक शब्द उच्चारी, 'थोरला', आणि मग बाकीचं क्रमाने उघडत जाई: घर, लॅब, चपला, तारीख. हा शब्द एखाद्या दिवशी चालला नाही तर काय होईल हे त्याने कधी बघितलं नव्हतं. आता त्याला वाटलं, तेही असंच असेल. काळं, वर एक ओळ, आणि चौकोन लुकलुकत.

"फोन करा की ताईंना," पॉलिशबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात कुणाचा तरी अर्धा घासलेला वरचा जबडा.

"गरज नाही. शब्द माझा आहे."

"शब्द तुमचा असेल. हात त्यांचा होता."

हे मात्र खरं होतं आणि ते थोरल्याने आत्तापर्यंत हिशेबात धरलं नव्हतं. त्या दिवशी तो धाकटीच्या खुर्चीमागे हात पाठीशी बांधून उभा होता, वडील प्लास्टर कालवायला सांगताना उभे राहत तसा. "लिही. सगळं कळलं. ळ म्हणजे मोठा एल, लक्षात ठेव." तिने लिहिलं. यंत्र तोच शब्द दुसऱ्यांदा मागतं, खात्रीसाठी, तेव्हा पुन्हा लिहिलं. "जुळलं का?" त्याने विचारलं. "जुळलं," ती म्हणाली. मान न वळवता म्हणाली, पण तिचा कान किंचित हलला, जसा ती हसू दाबताना हलतो. थोरल्याने ते आपल्या शब्दाचं कौतुक समजून स्वीकारलं. त्यानंतर कधी वीज गेली, यंत्र पुन्हा सुरू करावं लागलं, तर तीच बसायची. "दादा, तिकडे बघ," म्हणायची, आणि तो सभ्यपणे भिंतीकडे बघायचा. स्वतःच्याच शब्दाकडे पाठ करून उभं राहण्यात काही गंमत आहे हे त्याला तेव्हा जाणवलं नाही. टक टक टक, मध्ये एक छोटा थांबा, टक टक टक. तो थांबा त्याला आत्ता ऐकू आला.

फोन करायला हरकत काहीच नव्हती, फक्त फोन करायचा नव्हता. फोन केला तर पहिलं वाक्य काय म्हणायचं हा प्रश्न येतो. 'हॅलो' म्हटलं तर ती 'हं' म्हणेल, आणि त्या 'हं'पुढे थोरला म्हणून काय बोलतात हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती गेली त्या दिवशीही तो असाच बोलला होता, सहज, वातावरण हलकं व्हावं म्हणून. दातांची डॉक्टर आली होती. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचे वरचे-खालचे जबडे एकमेकांवर नीट बसत नव्हते आणि ते का, हे धाकटी तिला दोन्ही साचे हातात धरून, फिरवून, एकेक दात दाखवून समजावत होती. चांगलं समजावत होती. थोरल्यालाही त्यातलं बरंचसं नवीन होतं. म्हणूनच असेल, तो मध्येच म्हणाला, "काय डॉक्टर, कयलं का?" आणि एकटाच हसला. डॉक्टरला त्यातलं काही समजलं नाही. धाकटीने साचे टेबलावर ठेवले, अ‍ॅप्रन काढला, त्याची नीट चौकोनी घडी केली. "दादा, मी जाते," ती म्हणाली. थोरल्याला वाटलं, जेवायला. आता ती गावाच्या दुसऱ्या टोकाला वाकड्या दातांच्या तारा बसवणाऱ्या एका लॅबमध्ये होती. कुणी विचारलं तर तो सांगे, "तिला मोठं व्हायचं होतं." हे त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की तो तिला मनातून शुभेच्छाही देऊन बसला होता. कयलं का, हा घरातला जुना विनोद होता. जुना म्हणजे कशावरचा, ते आत्ता त्याला आठवायचं नव्हतं. आत्ता कामाची वेळ होती.

त्याने डोळे मिटले आणि शब्द नुसता म्हणून पाहिला, जिभेवर घोळवत, की कुठे काही जास्तीचं लागतंय का. "सगळं कळलं. सगळं कळलं."

"काय कळलं?" वकीलकाका म्हणाले.

"काही नाही काका."

"काही नाही कशं? शगळं कळलं म्हणालाश." काकांनी रुमाल खाली घेतला. उलटतपासणीची वेळ अजून व्हायची होती, पण माणसाला सवय असते. "मी थोंड उघडलेलं नाही, थू यंथ्र उघडलेलं नाहीश, आणि थुला शगळं कळलं? नेमकं काय कळलं थे शांग."

कवळी बसवली की गिऱ्हाइकाला ठरावीक शब्द बोलायला लावायचे असतात. साठ, सत्तर, दादा, ताई. कुठलं अक्षर सांडतंय त्यावरून दात कुठे चुकलाय ते समजतं. थोरल्याचा कान त्यातच तयार झालेला. तेव्हा समोर स्वतःच्या वडिलांचा मित्र त्याला धारेवर धरत असताना त्याचा कान आपोआप अक्षरं तपासत होता: स गेलाय, त गेलाय, च गेलाय, द लटपटतोय. ळ? ळ शाबूत होता. दोन्ही वेळा. शगळं कळलं, आणि दोन्ही ळ नव्या नाण्यासारखे खणखणीत. बरोबरच होतं. ळ ला दात लागत नाहीत. टाळू लागते आणि मागे वळलेली जीभ. ज्याच्या तोंडात एकही दात उरला नाही त्यालाही ळ येतो. मग सगळे दुधाचे दात जागच्या जागी असताना ज्याला तो येत नाही, असं मूल किती एकटं पडत असेल, असा विचार त्याच्या मनात आला. तो त्याचा नेहमीचा विचार नसल्यामुळे तो दचकला.

धाकटीचं घरातलं नाव कळी होतं. पाहुणे विचारत, बाळ, तुझं नाव काय, आणि ती सांगे, "कयी." सगळ्या घराला ळ येत होता, भिंतीवरच्या प्लास्टरच्या जबड्यांनाही आला असता, हिला तेवढा येत नव्हता. आई म्हणायची, येईल हळूहळू, जीभ जड आहे. थोरल्याने मात्र त्याचा खेळ केला. शाळेतले मित्र गोळा करून आणायचा, तिला खुर्चीवर उभं करायचा आणि म्हणायचा, म्हण, बाळाचे डोळे काळे. आणि ती, दादाने सांगितलं म्हणून, पूर्ण विश्वासाने म्हणायची, "बायाचे डोये काये." मित्र लोळायचे. तीही हसायची, आपण काहीतरी मोठंच केलंय असं वाटून. नंतर एका वर्षी तिला हसण्याचं कारण समजलं आणि ती खुर्चीवर चढेनाशी झाली. मग रोज संध्याकाळी न्हाणीघराचं दार बंद आणि नळ सोडलेला. पाण्याच्या आवाजाआड बारीक आवाज: टाळ, माळ, काळ, फळ. थोरला दाराला कान लावून उभा राही. नळाचं पाणी फुकट जातंय असं तो आईला सांगे. एक दिवस ती बाहेर आली, चेहरा ओला, बाहीचं टोक ओलं, आणि सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "कळलं." अगदी स्वच्छ. आईने तिला जवळ घेतलं. आणि थोरल्याला वाटलं, कुणीतरी त्याचं हक्काचं खेळणं फळीवर उंच ठेवून दिल्यासारखं. म्हणून तो म्हणाला होता, "काय, कयलं?" आणि मग म्हणतच राहिला. शाळेत, परीक्षेच्या दिवशी, वडिलांच्या आजारपणात, लॅबमध्ये. तिला ळ आला तरी त्याने तो तिला दिला नाही.

मधला तो छोटा थांबा दोन शब्दांमधला होता, ळ च्या आधीचा नव्हता. टक टक टक. मोठा एल लिहायला दोन बोटं लागतात, एक दाबून धरायचं, एकाने मारायचं. त्याचा आवाज वेगळा येतो. तसा आवाज त्याने तिच्या हातून एकदाही ऐकला नव्हता.

त्याने बोटं मोडली नाहीत. एस, ए, जी. मग मोठ्या एलच्या जागी, एकाच बोटाने, वाय. ए. पुढच्या शब्दातही तेच. सगयं कयलं. एन्टर दाबताना आयुष्यात पहिल्यांदा त्याला खात्री नव्हती, आणि नेमकं तेव्हाच यंत्राने जरा वेळ घेतला, मुद्दाम घेतं तसा, आणि मग काळ्या पडद्यावरून ओळींमागून ओळी धावू लागल्या. जबडा उघडला. जबड्याच्या आतून किल्ली निघून दुसरा जबडा उघडला. घरघर सुरू झाली. उंदीर हलला. पडद्यावर मराठी आली.

"झालं?" पॉलिशबाई.

"झालं."

"ताईंना फोन केलात ना?"

"नाही. माझा मीच."

"असं," पॉलिशबाई म्हणाल्या, आणि हातातल्या जबड्याकडे अशा बघत्या झाल्या की जणू तोच काहीतरी खोटं बोलला.

काकांची फाइल छपाईला लागली. पुढचं तुम्हाला माहीत नाही असं आपलं ठरलंय, तेव्हा एवढंच, की छपाईला वेळ लागत होता आणि थोरल्याचे हात रिकामे होते. एका डिस्कला अनेक शब्द लावता येतात. कुठलाही एक चालतो. त्याने नवा शब्द जोडायची सूचना दिली. यंत्राने आधी जुना मागितला. तो त्याने सराईतासारखा दिला. मग यंत्र म्हणालं, नवा द्या. इथे आता मोठ्या एलसकट शुद्ध शब्द घालायचा आणि धाकटीचा पुसायचा, की मामला मिटला, पुन्हा सगळं थोरल्याचं. चौकोन लुकलुकत राहिला. तिने त्याचा टोमणा घेतला होता, त्याला धार लावली होती, आणि गावातल्या सगळ्या माणसांचे दात त्याच्यामागे सुरक्षित ठेवले होते. चोराला सुचणार नाही, आणि दादाला तर मुळीच नाही, असा शब्द. त्याने सूचना मागे घेतली. फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं, पडदा आपोआप विझेपर्यंत बघितलं आणि फोन पालथा ठेवला. पहिलं वाक्य अजूनही नव्हतं. पण अर्ज लिहिता येत होता. अर्जाचं पहिलं वाक्य तयारच असतं. त्याने नवीन पान उघडलं आणि पूर्ण आत्मविश्वासाने, एकदाही न अडता, लिहून काढलं:

प्रति,
मा. अधीक्षक, वर्णमाया विभाग (असल्यास).

विषय : 'ळ' हे अक्षर पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर अक्षर अर्जदाराची धाकटी बहीण बोलू लागली त्या दिवसापासून वर्णमायेतून वगयण्यात यावे. ज्या घरात ते एका व्यक्तीस येत नव्हते, त्या घरात ते कोणासही येत नव्हते, असे समजण्यात यावे. न्हाणीघरातील नयाचे जे पाणी खर्ची पडले ते तिला परत करण्यात यावे. सदर अक्षराअभावी काया, निया व पिवया या रंगांची, तसेच फये, डोये व आभाय यांची जी गैरसोय होईल तिची संपूर्ण जबाबदारी अर्जदार वैयक्तिकरीत्या घेत आहे. अर्ज वेयेत सादर झालेला नाही याची अर्जदारास जाणीव आहे.

कयावे.

आपला,
थोरला